कोरडं ईथर

आई, तुझी नात एम.एस्सी. करायला पुण्याला जायचं म्हणते. विषय कुठला, तर तोच, ज्यानं तू गेलीस. तिच्या भाषेत त्याला ऑरगॅनिक केमिस्ट्री म्हणतात आणि त्यात ते ईथर आहे. मी पहिल्या दिवशीच नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. मग घरात कुणी कुणाशी धड बोलेना, ताटं आपटत जेवणं झाली. शेवटी हे म्हणाले, "तुजं न्हाय कशासाठी हाय, ते तरी सांग पोरीला." मला सांगता येईना. तोंडानं सांगायला गेले की मी चिडते, आणि चिडले की बोलायचं ते राहून जातं, हे तुला ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसले. चौथी शिकलेली बाई मी, अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं, पण तुला कुठं वाचायचंय. पोरीला पाठवू का नको, एवढंच मला ठरवायचंय.

आबा गेल्यावर मेंढरं विकून आपण बारामतीला आलो, एमआयडीसीच्या कडेला पत्र्याच्या खोलीत राहिलो, तिथपासून सगळं डोळ्यांपुढं येतंय. नव्वदनंतरची वर्षं ती. सकाळी मोटारसायकलींची रांग फाटकांकडं चाललेली आणि आपण दोघी तिच्या कडेकडेनं चालत. कंपनी म्हणायची, पण दोन शेडं आणि एक ऑफिस, औषधाला लागणारी कसली तरी पावडर बनवायचे. मी बाहेरच्या पत्र्याखाली बाटल्यांना लेबलं चिकटवायची, तू आत काचेची भांडी धुवायचीस. तुझ्या हातून एकही चंबू फुटला नाही, म्हणून तुला ईथरच्या खोलीत घातलं. वापरलेलं ईथर पुन्हा शुद्ध करून घ्यायचं, ते तुझं काम. तुला ईथर म्हणता यायचं नाही, तू इतर म्हणायचीस. शेजारची म्हातारी विचारायची, "काय गं, लेकीबरुबर कंपनीत जाती, करती काय तितं?" तू ऐटीत सांगायचीस, "इतर काढती." ती म्हणायची, "इतर म्हंजी? बाकीच्यांचं काय काढती गं तू?" आणि तू रागानं आत निघून यायचीस. मी हसले की मलाही एक रट्टा.

त्या खोलीत काडीपेटी न्यायची नाही, दिव्याचं बटणसुद्धा बाहेरच्या भिंतीला. पलीकडच्या शेडात पाणी तापवून बादलीनं आणायचं आणि त्या गरम पाण्यात चंबू बसवायचा. ईथर तेवढ्यावरच उकळतं. एप्रिल-मेमध्ये तर बाटली उघडून तळहातावर थेंब घेतला की उकळल्यासारखा उडून जायचा आणि हात थंडगार पडायचा. वाफ वर जाऊन काचेच्या नळीतून पलीकडं थेंब थेंब पडायची, खाली बर्फात बाटली ठेवलेली. हातभट्टीसारखंच की, पण तसं म्हटलेलं तुला खपायचं नाही. "दारूवाली न्हाय मी," म्हणायचीस. घरी आलीस की अंगाला तो गोडसर, डोकं जड करणारा वास. आधी लुगडं बदलायचीस, हातपाय धुवायचीस, मगच चूल पेटवायचीस. तोवर मी भुकेनं कावलेली. "काय देवाला जायचंय का?" असं मी ओरडायची. तू शांतपणे पाय धूत राहायचीस.

तू किती सांभाळून वागायचीस, हे मी मुद्दाम लिहितेय. कारण पुढं सगळ्यांनी तुला निष्काळजी ठरवलं.

आपलं स्वयंपाकघर म्हणजे भिंतीला तीन दगडांची चूल आणि एक फळी. एके दिवशी दूध आटवलं आणि मी पातेलं तसंच पाण्यात घातलं. तळाला खरवड होती. तू ते पातेलं पाण्यातून काढलंस, माझ्यापुढं धरलंस आणि म्हणालीस, "ह्यात काय दिसतं तुला?" मी म्हटलं, "करपलेलं." तू म्हणालीस, "मला ह्यात एका लेकराची भूक दिसती. तळ खरवडल्याबिगर भांडं सोडायचं न्हाय, बाईचा हात असा ढिला नसावा." दिवसभर माझ्याशी बोलली नाहीस. आजही मी पातेलं बोटानं पुसून घेते आणि पुसताना तुझा राग येतो. कारण कंपनीतल्या त्या खोलीत बरोबर उलटा कायदा होता. तिथं तळ राखायचा होता.

पहिल्या केमिस्टनं तुला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की चंबूत वाटीभर ईथर मागं ठेवायचं, कधीच पुरतं आटवायचं नाही. का, ते त्यांनी सांगितलं असेल तर तुला कळलं नसेल. माझ्यापर्यंत तरी आलं नाही. तू ते पाळलंस. पण जिवावर यायचं तुझ्या. वाटीभर चांगलं ईथर रोज टाकून द्यायचं म्हणजे पाप, असं तुझं मत. "लई माजल्यात ही कंपनीवाली," असं घरी येऊन म्हणायचीस. आणि कंपनीतही चहाच्या वेळी सगळ्यांसमोर, "माज्या हातात असतं तर पार तळ खरवडून काढला असता." लोक हसायचे. तेच हसणं पुढं तुझ्यावर उलटलं.

मग ते केमिस्ट गेले आणि नवे साहेब आले. कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले, चष्मेवाले, तुला अहो-जाहो करणारे. त्या दिवशी मी लेबलांचा गोंद संपला म्हणून दारात आले होते, म्हणून मला ऐकू आलं. ते म्हणाले, "मावशी, उद्याच्या रिॲक्शनला कोरडं ईथर लागणार आहे बरं का. एकदम कोरडं पाहिजे. थेंबभर राहिलं तरी सगळी बॅच वाया जाते."

तू विचारलंस, "पार कोरडं?"

"पार कोरडं."

तुझा चेहरा मला आत्ताही दिसतोय. खुलला होता. ते वळल्यावर तू मला म्हणालीस, "आला बाई एक शाना माणूस. वाया घालवू नगा म्हणतो." दुसऱ्या दिवशी गोदामातला जुना डबा काढलास, पत्र्याचा, अर्धा रिकामा, कधीचा पडलेला. तोही साहेबांनीच दाखवला होता, आधी हा संपवा म्हणून. मी बाहेर लेबलं चिकटवतेय. ऊन असं की गोंद बोटावरच सुकतोय. साहेब ऑफिसात फोनवर. आणि मग आवाज. मला वाटलं रस्त्यावर ट्रकचं टायर फुटलं. बघते तर खिडकीची काच माझ्या पायाशी येऊन पडलेली आणि सगळीकडं तो गोड वास. तू भिंतीला टेकून बसली होतीस. मी धावत आले तर मला म्हणालीस, "काडी न्हाय गं लावली मी." पुढचं लिहीत नाही. तू होतीस तिथं, तुला माहीत आहे.

पुण्याच्या दवाखान्यात तू काही दिवस काढलेस. शुद्धीत आलीस की एकच धोशा, "सांगितलं तसंच केलं की मी. माजं काय चुकलं?" मी म्हणायची, "काय न्हाय चुकलं, गप पड." मला रागच येत होता. उत्तर नसलं की मला राग येतो. मॅनेजर आला, त्यानं बाहेर आपल्या मामाला सांगितलं, "मावशींना खरवडायची खोडच होती हो, सगळ्या कंपनीला माहीत आहे." मामानं मान खाली घातली. मी नाही घातली. मी म्हटलं, साहेबांनीच सांगितलं होतं, पार कोरडं कर म्हणून, मी दारात उभी होते.

नवे साहेबही एकदा आले, हातात मोसंब्यांची पिशवी. जिन्यातच मी त्यांना गाठलं. ते म्हणाले, "मी चंबू कोरडा करा असं नव्हतो हो म्हणालो." मी म्हटलं, "मग काय कोरडं करायला सांगितलंत? आमचं घर?" ते म्हणाले, "ईथर. ईथर कोरडं..." आणि अडकले. मी म्हटलं, "तेच तर केलं तिनं! आता मागं फिरताय व्हय?" त्यांना आणखी काही सांगायचं होतं. मी पिशवीला असा फटका दिला की मोसंबी जिन्यावरून गडगडत खाली गेली. ते वेचायलाही थांबले नाहीत. त्यानंतर मला कधी दिसले नाहीत. तू गेल्यावर कंपनीही बंद पडली. मी लग्न होऊन निमगाव केतकीला आले, पण तो माणूस माझ्याबरोबर इथवर आला. खोटारडा, शब्द फिरवणारा. शेतात खुरपताना, बाजारात वांगी निवडताना, कुणी चष्मेवाला गोड बोलला की माझं डोकं फिरायचं. इतकी वर्षं मी त्याला शिव्या देऊन तुझी आठवण काढली, खोटं कशाला बोलू.

आणि आता ऐक. मध्यंतरी पोरगी कॉलेजातून आली, चुलीपाशी बसली आणि आपली बडबडायला लागली. "आज सरांनी ड्राय ईथर करून दाखवलं." मी भाकरी थापत होते. मी विचारलं, ड्राय म्हणजे? ती म्हणाली, "कोरडं गं. कोरडं ईथर." माझा हात परातीतच राहिला.

"पार आटवलं?"

"आटवलं कशाला? आटवलं तर उडून नाही का जाणार? कोरडं म्हणजे त्यातलं पाणी काढून टाकलेलं. नुसतं ईथर, पाण्याचा अंश नाही."

"पाण्यागत पातळ असतं की गं ते. त्याला कोरडं कसं म्हणायचं?"

ती हसायला लागली. "केमिस्ट्रीत म्हणतात आई तसं. त्यात सोडियमची तार सोडतात, ती पाणी खाते. थेंबभर पाणी राहिलं ना, तर पुढची रिॲक्शनच होत नाही."

थेंबभर. तव्यावरची भाकरी करपली, ती तिनं उलटली, मला सुचलं नाही. म्हणजे तो माणूस खोटं बोलत नव्हता, आई. त्याला कोरडं ईथर पाहिजे होतं, तू चंबू कोरडा केलास, आणि दोघंही एकच शब्द बोलत होतात. पाणी हा शब्द त्यानं उच्चारलाच नाही, त्याला तो सांगायची गरजच वाटली नसेल. मला सगळ्यात जास्त काय टोचतंय सांगू? त्यानं ड्राय म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस. इंग्रजी शब्दाला तू लाजायची नाहीस, "म्हंजी काय वो सायेब?" म्हणून तोंडावर विचारायचीस. पण त्यानं तुला कळावं म्हणून मराठीत सांगितलं. चांगुलपणानं सांगितलं. आणि कोरडं म्हणजे काय, हे कोकरालासुद्धा कळतं, त्यात विचारायचं काय?

पोरीला मी त्याच दिवशी सगळं सांगितलं नाही. फक्त विचारत राहिले. ईथर म्हणजे नेमकं काय गं, ते फुटतं कशानं. तिला नवल वाटलं, तिच्या अभ्यासाचं मी कधी काही विचारत नाही. तिनं राखेत बोटानं काढून दाखवलं, मध्ये ऑक्सिजन, दोन्ही अंगांना कार्बनच्या साखळ्या. म्हणाली, ईथर म्हणजे गरीब गाय, सहसा कुणाच्या अध्यात ना मध्यात. म्हणून तर त्याच्यात बाकीच्यांच्या रिॲक्शन करतात, ते आपलं निवांत बघत बसतं. आयोडीनचं जहाल ॲसिड घालून तापवलं तर ऑक्सिजनपाशी तुटतं, एका तुकड्याचं अल्कोहोल होतं, दुसरा आयोडीन घेऊन जातो. मी म्हटलं, "मग ते उडतं कधी?" ती म्हणाली, "नुसतं पडून राहिलं की. उजेडात, अर्ध्या डब्यात, हवेबरोबर. ऑक्सिजनच्या शेजारचा कार्बन हळूहळू हवा पोटात घेतो आणि त्याचं पेरॉक्साइड होतं. दिसत नाही, वास बदलत नाही. ईथर वर उडून जातं, पेरॉक्साइड जात नाही, ते तळाला घट्ट घट्ट होत बसतं. भरपूर ईथरमध्ये आहे तोवर गप्प असतं. तळ कोरडा पडला की..." आणि तिनं हात उडवला. तिला काय माहीत ती कुणासमोर हात उडवतेय.

दूध नासलं की वास येतो, पीठ खराब झालं की जाळी धरतं, माणूस बिघडला की डोळे फिरवतो. हे काहीच कळू देत नाही. तुझ्यासारख्या बाईनं ओळखायचं कसं?

तिच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट आली. जुन्या डब्याची आधी परीक्षा करतात. जरासं ईथर काढून त्यात आयोडीनचं एक मीठ, खायचं नव्हे, टाकायचं, पिवळं-तांबडं झालं की विष आहे. मग हिराकशीच्या, म्हणजे लोखंडाच्या मिठाच्या पाण्यात ईथर खळबळून घ्यायचं, म्हणजे पेरॉक्साइड मरतं. हिराकस मला आठवली, हिरवी, बरणीत होती त्या खोलीत. पण त्या दिवशी साहेबांनी डबा तपासला होता का, ते मला माहीत नाही. तपासला असता तर तुला दिला असता का? घाईत राहिलं असेल. का डबा किती जुना आहे हे त्याच्याही ध्यानात आलं नसेल. म्हणजे तो पुरता सुटला असंही नाही. आणि पुरता धरता येतोय असंही नाही. इतकी वर्षं माझा राग एका जागी ठाम उभा होता, आई. आता त्याला बसायला जागा नाही आणि तो माझ्याच छातीवर येऊन बसलाय.

इथवर लिहून कागद बाजूला ठेवला होता. ह्यांनी दोनदा टोकल्यावर काल मी पोरीला बसवलं आणि सगळं सांगितलं. डबा, खरवड, पार कोरडं, मोसंबी, सगळं. मला वाटलं ती रडेल, गळ्यात पडेल. ती कसली! भुवया आवळून बसली आणि विचारते काय, "डब्याला झाकण होतं का? घट्ट होतं का सैल?" मला असा संताप आला. माझी आई गेली तिथं आणि ही झाकण विचारतेय. मी म्हटलं, "मला काय म्हाईत झाकनाचं! एवढं सांग, आजीचं चुकलं का न्हाय?"

ती बोटांवर काहीतरी मोजत बसली. मग म्हणाली, "वाटीभर मागं राहिलं असतं तर बहुतेक काही झालं नसतं."

"बहुतेक?"

"बहुतेक. डब्यात किती झालं होतं ते आता कुणाला कळणार? मला नाही सांगता येत आई."

आई, तुझ्याबद्दल आजवर कुणी बहुतेक म्हटलं नव्हतं. मॅनेजर म्हणाला तुझीच चूक. मी म्हणत आले त्याचीच चूक. लोक म्हणाले नशीब. ही एवढीशी पोरगी, तिच्या सख्ख्या आजीचं मरण, समोर आई डोळे वटारून बसलेली, आणि तरी जेवढं माहीत आहे तेवढंच बोलली. मला बरं वाटावं म्हणून एक शब्द वाढवला नाही. मग मी विचारलं, "आजीसाठी जायचंय का तुला तितं?" म्हटलं, आता तरी हो म्हणेल. ती म्हणाली, "नाही गं. मला आवडतं म्हणून." उद्धट आहे. माझ्यावरच गेली आहे.

मी जा म्हणून सांगितलं. अशी मान वळवून, तव्याकडं बघत सांगितलं, म्हणजे तिनं लगेच अंगावर उडी मारू नये. तरी मारलीच. एकच अट घातली, की तिथं कुणी कितीही मोठा साहेब असो आणि शब्द कितीही सोपा असो, म्हणजे काय हे विचारल्याशिवाय चंबूला हात लावायचा नाही. ती म्हणाली, "हसतील गं मला." मी म्हटलं, "हसू दे. हसून कोन मरत न्हाय."

भीती गेलेली नाही. ती पुण्याला गेल्यावर मोठा आवाज झाला की मी दचकणार, टायर असो नाहीतर फटाका. ते मी सोसते. पण तुझ्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही असं एक आहे, आणि त्याच्यापायी हा कागद पोरीच्या हाताला लागायच्या आत चुलीत जाणार. माझं नाही असतानाही ती प्रवेशाची परीक्षा द्यायला गेली, त्या दिवशी मी बिरोबाला नारळ बोलले होते, ती नापास व्हावी म्हणून. पोटच्या पोरीसाठी. ती पास झाली. साऱ्या आळीत पेढे वाटायला सगळ्यांच्या पुढं मीच होते. शेजारीण म्हणाली, "आईचा आशीर्वाद फळला बाई." मी व्हय म्हटलं आणि तिच्या हातावर अजून एक पेढा ठेवला.